भुशाची वाट

नगरच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. लांब श्वास घ्या, सोडा, पुन्हा घ्या. मग खुर्चीत बसून त्यांनी विचारलं की मी काय करते. शाळेत गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे, असं मी सांगितलं. खडूची धूळ असणार, असं ते मनाशी ठरवत होते, तेवढ्यात मी म्हटलं की खडू सुटून काही वर्षं झाली, आता मी लाकूडकाम करते.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी नुसती मान हलवली.

मग डॉक्टरांनी सगळं नीट विचारून घेतलं. कुठलं लाकूड, कुठल्या खोलीत, खिडक्या किती. बहुतेक सागवान, कधी बाभूळ, आणि अलीकडे एका जुन्या शिसवी पलंगाचं लाकूड, असं मी सांगितलं. शिसवीचं नाव निघताच ते म्हणाले की हे लाकूड काही जणांच्या छातीला मानवत नाही, आणि एकदा मानवेनासं झालं की पुढे थोडक्या भुशानेही दम लागतो. त्यांनी औषधं लिहून दिली, तोंडाने ओढायचा पंप कसा वापरायचा ते दाखवलं आणि उठता उठता सरळ सांगितलं, "भुसा बंद करा, नाहीतर काम बंद करा."

परतीच्या एसटीत मी राहुरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. हे औषधांची पिशवी मांडीवर धरून बसले होते. आम्हाला दोघांना तशी फार बोलायची सवय नव्हतीच.

लाकूडकाम माझ्या हाती उशिरा आलं. शाळेत बाकं मोडायची, दुरुस्तीला सुतार यायचे, आणि मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायचे. रंध्यातून ढलपी गोल गुंडाळी होऊन बाहेर पडते, ते मला कितीही वेळ बघावंसं वाटायचं. निवृत्त झाल्यावर घरामागची पत्र्याची शेड मी रिकामी केली. तिथे पूर्वी सरपण आणि एक बंद पडलेली मोटारसायकल होती. आधी एक पटाशी आणि एक रंधा आणला, मग टेबलात बसवलेली विजेची करवत, रंधा मशीन, आणि पॉलिशपेपर फिरवणारं एक लहान यंत्र. मोबाईलवर व्हिडिओ बघत आणि बाजारपेठेतल्या एका सुताराला भंडावून सोडत मी शिकले. स्टुलं केली, पाट केले, नात्यातल्या बाळांचे पाळणे केले. मग आमच्या चर्चच्या पाळकांनी विचारलं की नवं पुलपीट करून द्याल का. पाळक ज्याच्यामागे उभं राहून उपदेश करतात ते उंच मेज. मंडळीतल्या एका कुटुंबाने त्यासाठी आपला मोडका शिसवी पलंग दिला. मला इतका आनंद झाला होता की तो घरात दिसू नये म्हणून मी लगेच शेडमध्ये निघून गेले.

घरात म्हणजे ह्यांना. मुलगी पुण्याला असते, इथे आम्ही दोघंच. हे शेवगावकडच्या एका खेड्यातले. साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला, पण बोलणं अजून तिकडचंच राहिलं. कारखान्यात उसाचा भुसा बॉयलरकडे वाहून नेणारी मोठी साखळी असते. तिच्यात एकदा ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हा मुलगी लहान होती. त्या गोष्टीवर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. उरलेल्या बोटांनी ते नळ बसवायचे, शिवणयंत्राला तेल घालायचे, सगळं करायचे.

मात्र माझ्या शेडमध्ये ते पाऊल टाकत नसत. मी करवत सुरू केली की हे चपला घालून बाहेर पडत आणि मी काम थांबवल्यावर कधीतरी परत येत. एकदा जेवताना त्यांच्या आत्या म्हणाल्या होत्या की मास्तरीण होती ती सुतारीण झाली. त्यावर हे हसले नाहीत आणि आत्यांना अडवलंही नाही. तेव्हापासून मी धरून चालले होते की माझं हे काम ह्यांना कमीपणाचं वाटतं. विचारायला मात्र गेले नाही. बाईमाणसाने या वयात एवढं करायला मिळतंय हेच पुष्कळ, असं म्हणून गप्प राहिले.

डॉक्टरांकडून आल्यावर मी शेडला कुलूप लावलं. खोकला कमी झाला, पण दिवस फार लांब झाले. सकाळी भाजी निवडून झाली की हातांना काही उरायचं नाही. टीव्ही लावायचे, बंद करायचे. पाळकांना फोन करून सांगितलं की पुलपीट दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. ते म्हणाले, घाई नाही, तुम्ही आधी बऱ्या व्हा. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. हे दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं असावं.

त्यानंतर एका सकाळी मी तुळशीला पाणी घालून मागे गेले. तुळस आमच्याकडे खोकल्याच्या काढ्यासाठी असते. बघते तर शेडचं दार सताड उघडं. आत हे उभे होते. नाकाला रुमाल बांधलेला, हातात मापाची पट्टी. करवतीच्या टेबलाखाली वाकून बघत होते.

"भुसा नेमका कुठनं उडतो?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळेचना की ते काय विचारतायत. मग मी दाखवलं. करवतीचा थोडा भुसा खाली पडतो आणि थोडा पात्याबरोबर वर येऊन माझ्या तोंडावर उडतो. रंधा मशीनमधून जाड ढलप्या येतात, त्या त्रासाच्या नाहीत. सगळ्यात वाईट पॉलिशपेपरचं यंत्र. त्याचा भुसा पिठासारखा बारीक, तो हवेतच तरंगत राहतो आणि उन्हाची तिरीप आली की दिसतो. हे सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "बॉयलरची राख आमी अशीच धरायचो. मोठ्या नरसाळ्यात."

शाळेत मी फळ्यावर शिकवायचे, तसं त्यांनी मला शेडच्या फरशीवर खडूने शिकवलं. पत्र्याचं एक मोठं नरसाळं. भुशाने भरलेली हवा त्यात बाजूने शिरते, सरळ मधोमध नाही. त्यामुळे ती आत गोल गोल फिरते. जड भुसा कडेला आपटून खाली घसरतो आणि खालच्या पिंपात पडतो. हलकी हवा मधून वर निघते आणि वरचा पंखा तिला ओढून बाहेर टाकतो. प्रत्येक यंत्रापासून एक पाइप या नरसाळ्यापर्यंत. ज्या यंत्रावर काम चालू असेल त्याची झडप उघडायची, बाकीच्यांची बंद ठेवायची. मी विचारलं की हे घरात होईल का. ते म्हणाले, कारखान्यात झालं, घरात का न्हाई.

पण कारखान्याचं माप त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. त्यांनी मनात धरलेला पंखा एवढा मोठा होता की तो चालू केला असता तर आमच्याच नव्हे, गल्लीतल्या सगळ्यांच्या दिव्यांनी मान टाकली असती. मग मी वही घेतली आणि पाइपची गोलाई, लांबी, हवेचा वेग याचा हिशेब करायला बसले. बऱ्याच वर्षांनी मला गणिताचा उपयोग झाला. शेवटी माझा पंखा आणि त्यांचा पंखा यांच्या मधला एक पंखा ठरला. दोघांनाही आपलंच ऐकलं गेलं असं वाटलं.

नरसाळं करून घ्यायला आम्ही नगरला एका पत्रेवाल्याकडे गेलो. तो कूलर आणि धान्याच्या कोठ्या करतो. ह्यांनी काढलेलं चित्र बघून तो म्हणाला, पिठाची गिरणी टाकताय का. नाही म्हटल्यावर त्याने लग्नाच्या स्वयंपाकाचा धूर ओढायला का, असं विचारलं. लाकडाचा भुसा, असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं की सुतार कोण. ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या," ते म्हणाले, आणि पुन्हा चित्राकडे वळले. पत्रेवाल्याला हवा आत फिरेल हे पटेना. तेव्हा ह्यांनी त्याच्याच दुकानातलं दूध ओतायचं नरसाळं घेतलं आणि पेल्यातलं पाणी कडेने ओतलं. पाणी गरगर फिरत खाली गेलं. पत्रेवाला म्हणाला, "फिरतंय हो," आणि मोजमाप घ्यायला लागला.

मी मात्र अजून त्या एका शब्दावर अडकले होते. "ह्या" म्हणताना त्यांच्या आवाजात लाज नव्हती.

पाइप राहुरीतच मिळाले. ठिबक आणि पाइपलाइनचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने सवयीने विचारलं, "किती एकराला पाहिजे?" ह्यांनी सांगितलं की एका शेडला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याने काटकोनात वळणारे एल्बो काढून दिले, तेव्हा हे अडून बसले. हवा काटकोनात वळवली की तिथे भुसा साचतो, लांब वळणाचे बेंड पाहिजेत. दुकानदाराने गोदामात शोधून तसले बेंड आणले. पाण्याला काही फरक पडत नसतो, असं तो पुटपुटत होता.

पाइप टांगायचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. हे शिडीवर, मी खाली पाइप धरून. बऱ्याच वर्षांत आम्ही एकाच कामाला इतके जवळ उभे राहिलो नव्हतो. वादही पुष्कळ झाले. मला मुख्य पाइप भिंतीच्या कडेने हवा होता, त्यांना शेडच्या मधून. मधून नेला असता तर लांब फळी फिरवताना डोक्यात बसला असता. ते मी त्यांना फळी घेऊन फिरून दाखवलं. ते शिडीवरून खाली उतरले आणि भिंतीकडे निघाले. सरकत्या झडपा मी प्लायच्या केल्या. त्या घट्ट बसाव्यात म्हणून कडांना मेण चोळलं. सांध्यांना ह्यांनी चिकटपट्टी लावली. पुढे पंखा लावल्यावर हवा कुठे गळते ते शोधायला डास पळवायची कॉइल पेटवून ती सांध्यांजवळ फिरवायची, ही त्यांची युक्ती. धूर आत ओढला गेला की तिथे फट आहे.

सगळं जोडून झालं त्या दुपारी आम्ही पहिल्यांदा पंखा चालू केला. नरसाळ्याखाली आमच्या न्हाणीतलं जुनं निळं प्लास्टिकचं पिंप ठेवलं होतं. पंख्याने वेग घेतला, पाइपांमधून वारा घोंगावला. मी भुशाची मूठ करवतीखाली टाकली, ती दिसेनाशी झाली. मी टाळी वाजवणार होते. तेवढ्यात ह्यांनी फटी बघायच्या म्हणून सगळ्या झडपा एकदम बंद केल्या. हवेला यायला वाट उरली नाही. धाडकन आवाज झाला आणि पिंपाच्या दोन्ही बाजू आत दबून एकमेकींना चिकटल्या.

मला हसू आलं. पिंप एखाद्या चेपलेल्या कागदी पेल्यासारखं दिसत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं आणि हसू थांबलं. त्यांनी मुख्य बटण बंद केलं होतं आणि ते लाकडाच्या ओंडक्यावर बसले होते. डावा हात उजव्या हाताने घट्ट धरला होता. चेहरा पांढरा पडला होता.

"काही झालं नाही," मी म्हटलं. "पिंपच तेवढं गेलंय."

मी घरात जाऊन पाणी आणलं. ते प्यायले आणि पेला जमिनीवर ठेवून त्याच्याकडेच बघत म्हणाले, "तू करवत लावली का मी घरातनं जातो. कशापायी जातो, असं वाटतं तुला?"

"तुम्हाला आवडत नाही म्हणून," मी म्हटलं. "आत्या म्हणाल्या होत्या तसं."

"आत्याचं काय घेऊन बसलीस." त्यांनी पेला बाजूला सारला. "करवतीचा आवाज चालू हाय तवर काय न्हाई. मधीच थांबला का मला वाटतं, गेला हात. मग मी उठून बघायला यायचं, आन् काय बघायचं. त्यापरीस स्टँडवर जाऊन बसतो. तिथं गाड्यांच्या आवाजात काय ऐकू येत न्हाई."

मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले. निवृत्तीनंतरच्या सगळ्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर आल्या. दारातल्या चपलांचा आवाज, फाटकाची कडी. मी इकडे फळी कापत असायचे आणि हे एसटी स्टँडच्या बाकावर बसून माझ्या बोटांचा विचार करत असायचे.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

हे खरं होतं. मी बंद केलं असतं, आणि वर त्यांच्यावर रुसले असते.

मी उठले आणि त्यांना करवतीजवळ बोलावलं. ती बंदच होती, प्लगही काढला होता. पात्यावरचं झाकण कसं बसतं ते दाखवलं. लाकडाचं टोक ढकलायला हात वापरत नाही, त्यासाठी एक खाच असलेली काठी केली आहे, ती दाखवली. उभं कुठे राहायचं, कुठे राहायचं नाही, ते दाखवलं. मी हे सगळं पाळते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना कसं माहीत असणार, ते कधी आत आले नव्हते. ते एकेक वस्तू हातात घेऊन बघत होते. काठी बघून म्हणाले की ही आणखी लांब पाहिजे. मी म्हटलं, करते. मग त्यांनी बटणाकडे बोट दाखवलं. ते टेबलाच्या कडेला होतं, बंद करायला हात सोडावा लागायचा. "हे गुडघ्यानं बंद झालं पाहिजे," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी टेबलाला एक लाल फळी टांगली. गुडघा टेकला की करवत थांबते.

चेपलेलं पिंप आम्ही भंगारात दिलं आणि त्याच्या जागी तेलाचं जाड पत्र्याचं बॅरल आणलं. पुन्हा पंखा लावला. या वेळी कुठे काही दबलं नाही. करवत चालली, मी सागवानाची एक पूर्ण फळी उभी कापली, आणि टेबलावर भुशाची नुसती एक रेघ राहिली. हे दारात उभे होते. ते गेले नाहीत. काम संपवून मी करवत आणि पंखा दोन्ही बंद केले तेव्हा त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

पण काम तेवढ्यावर संपलं नाही. पंख्याची हवा आम्ही मागच्या भिंतीतून बाहेर काढली होती. मागे शेत आहे, कुणाला त्रास होणार नाही, असा आमचा समज. संध्याकाळी शेजारच्या वहिनी दोरीवरची साडी हातात घेऊन आल्या. त्यांची शेती आहे, दोन म्हशी आहेत. साडीवर तपकिरी पिठासारखा थर होता.

"ताई, लई बारीक धूळ यायलीय तुमच्याकडनं," त्या म्हणाल्या. "कापडावर बसली तर बसली, म्हशीच्या वैरणीवर बसायला नको."

म्हणजे जड भुसा बॅरलमध्ये पडत होता आणि माझ्या छातीला लागणारा बारीक भुसा थेट वहिनींच्या अंगणात जात होता. मला ओशाळल्यासारखं झालं. वहिनींना आत बोलावलं, सगळं दाखवलं. त्यांनी नरसाळ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं की शेवटी पिशवी का नाही लावत, पिठाच्या गिरणीत कापडी पिशवी असते तशी. हे म्हणाले, लावायची होती, कापड कुठलं घ्यावं ते ठरत नव्हतं. ते कापड वहिनींनीच ठरवलं. बाजारातून घट्ट विणीचं जाड कापड आणलं आणि त्यांच्या घरच्या मशीनवर आम्ही दोघींनी उशाच्या अभ्र्यासारखी एक लांबलचक पिशवी शिवली. पंखा लावला की ती फुगून उभी राहते, बंद केला की हळूहळू खाली बसते. वहिनींच्या कपड्यांवर पुन्हा काही बसलं नाही. बॅरलमधला सागवानाचा भुसा त्या कधीमधी त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरायला नेतात. शिसवीचा भुसा मी वेगळा बांधून टाकते, तो कुणाला देत नाही.

एक त्रास मात्र मजेचा होता. कोरड्या दिवसांत रंधा मशीन चालवताना माझं कोपर पाइपला लागलं की सणकन चटका बसायचा. मला वाटलं वायरिंगमध्ये वीज उतरली. ह्यांनी टेस्टर लावून बघितलं, तसं काही नव्हतं. प्लास्टिकच्या पाइपमधून ढलप्या वेगाने घासत जातात, त्यातून तयार झालेली वीज होती. ह्यांनी पाइपांभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळत नेली आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला जोडली. तेव्हापासून तेही थांबलं.

खोकला लगेच गेला नाही. बारीक भुसा पूर्ण बंद होतच नाही, हे मी सगळ्यांना सांगते. पॉलिशपेपरचं काम असेल तेव्हा मी जाड मास्क लावते आणि दार उघडं ठेवते. शिसवीचं यंत्रावर काही करायचं नाही, असं ठरवलं. पुलपीटचा उरलेला भाग हातरंध्याने आणि हाताच्या पॉलिशपेपरने, बाहेर लिंबाखाली बसून पुरा केला. घासायचं काम ह्यांनी मागून घेतलं. मला भुशापासून लांब बसवून, नाकाला मास्क लावून ते फळ्या घासत. तीन बोटांच्या हाताने फळी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने पॉलिशपेपर फिरवायचा. ते इतकं सावकाश करत की मला राहवायचं नाही, पण फळी हातात घेतली की काचेसारखी लागायची. पुढच्या खेपेला नगरच्या डॉक्टरांनी पाठ ऐकली आणि बरंय म्हणाले. काम बंद केलं का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नाही, भुसा बराचसा बंद केला. त्यांनी कसा ते विचारलं तेव्हा ह्यांनी इतकं सविस्तर सांगायला घेतलं की बाहेर बसलेले पेशंट दार लोटून बघायला लागले.

आता आमच्या सकाळी वेगळ्या असतात. आधी पंखा लावायचा, त्याने वेग घेतला की मग करवत. दोन्ही एकदम लावलं तर घरातला फ्यूज उडतो. पंख्याचं बटण ह्यांच्याकडे असतं. मी मान हलवली की ते दाबतात आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून पेपर वाचतात. करवत थांबली की अजूनही पेपर खाली येतो. मी हात वर करून दाखवते, पेपर परत वर जातो. पंख्याच्या आवाजात बोलता येत नाही, त्यामुळे आमचं बोलणं आता काम थांबल्यावर होतं, आणि ते पूर्वीपेक्षा बरंच जास्त असतं.

मागच्या महिन्यात शेवगावहून एक फर्निचरवाला आला. त्याच्या कारागिरांना भुशाचा त्रास होतोय आणि त्याने कुणाकडून तरी आमच्या शेडबद्दल ऐकलं होतं. ह्यांनी त्याला सगळं दाखवलं. शेवटी तो म्हणाला, एकदा येऊन आमची जागा बघा. हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जाऊ या, तुमच्या गावाकडचंच आहे.

आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. त्याची जागा आमच्या शेडच्या कितीतरी पट मोठी होती, भुशाने खिडक्यांचे गजही दिसत नव्हते. हे कारागिरांना प्रत्येक यंत्राशी उभं करून भुसा कुठून उडतो ते विचारत होते, मी पाइपची लांबी मोजून लिहून घेत होते. एका कारागिराने विचारलं, तुमी दोघं कंपनीचे का? हे म्हणाले, न्हाई, नवराबायको. सगळे हसले. दुपारी त्या लोकांनी आम्हाला भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी खायला घातली. मोठा पंखा कुठे बसवायचा यावरून जेवताना ह्यांचा आणि माझा पुन्हा वाद झाला, आणि परतीच्या गाडीतही तो मिटला नव्हता.